खांद्यावरची टेप

त्या नृत्यसंस्थेत ती सगळ्यात धाकटी, म्हणून सरांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव शेंडेफळ ठेवलं आणि ते तिला चिकटलं. सहा महिन्यांची उमेदवारी होती. समकालीन नृत्याची उमेदवारी म्हटलं की लोकांना वाटतं, आरशासमोर हवेत तरंगायचं. प्रत्यक्षात सगळ्यांच्या आधी येऊन तालमीच्या खोलीची जमीन ओल्या फडक्याने पुसायची, घामट गुडघा-पॅड वाळत घालायचे, स्टँडवर मोबाइल लावून तालीम चित्रित करायची आणि संध्याकाळी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. नाचायला मिळालं तर ते वर. सहा महिने संपले की सर तिला कायम करणार होते, नाहीतर निरोप देणार होते. सर निरोपसुद्धा फार गोड देतात, अशी त्यांची ख्याती होती.

त्या खोलीचा एक नियम होता. ज्याचं अंग दुखतंय त्याने खांद्यावर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवायचा. मग तो मोजून सगळ्या जागा घेणार, हाताने खुणा करणार, पण उडी मारणार नाही आणि कुणाचं वजन घेणार नाही. याला ते ‘मार्क करणं’ म्हणत. टेप दिसली की कुणी तुमच्यावर अंग टाकत नसे, आणि काय झालं म्हणून विचारतही नसे. ताई महिन्यातून दोनदा तरी टेप लावायची आणि खुशाल मिरवायची.

ताई म्हणजे संस्थेतली सगळ्यात जुनी नर्तकी. वय अडतीस. या धंद्यात एवढ्या वयाला लोक ‘कशी आहेस’ असं न विचारता ‘गुडघे कसे आहेत’ असं विचारतात. पडायचं कसं, हे शेंडेफळाला ताईने शिकवलं. जेवायच्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातलं अर्धं तिच्या डब्याच्या झाकणात काढून द्यायची, आणि वर म्हणायची, “खा. उद्या तुझ्यावरच पडायचंय मला.”

ते खरंच होतं. नव्या प्रयोगात आठपर्यंतच्या मोजणीत एक जागा अशी होती की सातला शेंडेफळाने गुडघ्यात वाकून पाठ द्यायची आणि आठला ताईने मागे न बघता त्या पाठीवर स्वतःला टाकायचं, लोळत पलीकडे उतरायचं. बाकीचे चौघे त्या वेळी जमिनीवर पालथे पडलेले असत. दिसायला ते अवघड दिसे. करायला फक्त एकच गोष्ट लागे, की पाठ तिथे असायला हवी.

एका सकाळी पाण्याची बादली उचलताना शेंडेफळाच्या कंबरेत उसण भरली. श्वास घेतला तरी कळ येत होती. टेपचा रोल स्टँडशेजारीच होता. तिने तुकडा फाडलासुद्धा. पण आदल्याच दिवशी सर कुणाला तरी सांगत होते, “आपलं शेंडेफळ कधी टेप लावत नाही बघ.” उमेदवारीचे चोवीस दिवस उरले होते. तिने तो तुकडा बोटांत गोळा केला आणि खिशात घातला.

पहिल्या फेरीत तिने कसंबसं निभावून नेलं. दुसऱ्या फेरीत सातला ती वाकायला गेली आणि कंबरेने साफ नकार दिला. मग तिच्या अंगाने परस्पर ठरवलं. तिने हाताने जागा दाखवली आणि अर्धं पाऊल बाजूला सरली. मार्क केलं. खांद्यावर टेप नसताना.

आठला ताई आली. ताई आठलाच यायची, साडेसातला नाही की सव्वाआठला नाही. ती आली आणि खाली कुणीच नव्हतं.

हात जमिनीवर आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सर तेव्हा गाण्याच्या लॅपटॉपवर वाकले होते. त्यांनी धावत येऊन विचारलं, “काय झालं?”

“ताई लवकर आली,” शेंडेफळ म्हणाली. “सहाला.”

हे वाक्य तिने योजलं नव्हतं. जीभ पुढे गेली आणि ती मागे उभी राहून ऐकत राहिली. ताई मनगट पोटाशी धरून बसली होती, ओठ पांढरे पडले होते. तिने शेंडेफळाकडे बघितलं आणि म्हणाली, “आले असेन गं. तुला लागलं नाही ना कुठे?”

तेव्हा बोलायला हवं होतं. नंतरही बोलायला जागा पुष्कळ होत्या. गाडी येईपर्यंत दहा मिनिटं होती, दवाखान्याच्या बाकड्यावर दोन तास होते. संध्याकाळी ग्रुपवर तिने लिहिलं, की मोबाइल चार्ज नव्हता, आजचा व्हिडिओ नाही. व्हिडिओ होता. पुसायला तिचा अंगठा पाच-सहा वेळा त्याच्यावर गेला आणि परत आला. पुसण्याइतकी ती निर्ढावलेली नव्हती, आणि दाखवण्याइतकी शहाणी नव्हती.

मनगट मोडलं होतं. ताईचं काम आता कुणी करायचं, यावर फार चर्चा झालीच नाही. रोज चित्रीकरण करून करून शेंडेफळाला सगळ्यांच्या सगळ्या जागा पाठ होत्या. सर म्हणाले, “तू कर. पाठ द्यायला दुसरं कुणीतरी बघू.” घरी सांगितलं तर आईने शिवणयंत्र थांबवून आधी मावशीला फोन लावला, मग मामाला. मुलगी मुख्य काम करतेय, हे दोघांनाही दोनदोनदा ऐकवलं. फोन ठेवून म्हणाली, “त्या ताईंना भेटून ये हो. बिचाऱ्यांचा हात मोडला आणि आपण आनंद करतोय, बरं दिसत नाही.” शेंडेफळाने मान डोलावली. जेवण गेलं नाही, तर आईला वाटलं, पोरगी हरखून गेलीय.

आणि मग कहर असा की ताई स्वतःच शिकवायला आली. प्लास्टर गळ्यात अडकवून, रोज दुपारी, सगळे गेल्यावर. जमिनीवर मांडी घालून बसायची आणि चांगल्या हाताच्या दोन बोटांनी मोजायची. मान इकडे. टाच उशिरा उचल. इथे घाई करू नकोस, लोकांना वाट बघू दे. कंबर तोवर सुटली होती. शेंडेफळ करत होती आणि चांगलं करत होती, याचीच तिला शरम वाटत होती. ताई “वा” म्हणाली की कुठेतरी तोंड लपवावंसं वाटे.

चौथ्या दिवशी ती जागा आली. सात आणि आठ. ताईची बोटं थांबली.

“हे मी नाही सांगत,” ती म्हणाली. “सरांना विचार.”

“का गं ताई?”

“माझ्या मोजण्यावर माझा भरवसा उरलेला नाही.” ताई प्लास्टरची कड नखाने कोरत होती. “बावीस वर्षं झाली. पाय चुकलाय, तोल गेलाय, पण मोजणं कधी चुकलं नव्हतं. आता भांडी घासतानासुद्धा मोजून बघते. सहाला कशी गेले असेन, तेच कळत नाही. उद्या माझ्यामुळे कुणाच्या जिवावर बेतलं तर? सरांना सांगून टाकलंय, हात बरा झाला तरी नाही येणार. मुलांना शिकवीन कुठेतरी.”

आपण ताईचा हात मोडला, हे शेंडेफळ रोज स्वतःला सांगत होती. हात जुळतो, असंही सांगत होती. पण आपण ताईचं आणखी काय काढून घेतलंय, हे तिला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

ती स्टँडपाशी गेली, मोबाइल काढला, तो व्हिडिओ लावला आणि ताईच्या मांडीवर ठेवला.

ताईने एकदा बघितलं. मग मागे नेऊन पुन्हा बघितलं, या वेळी बोटांनी मोजत. “पाच, सहा, सात,” आणि पडद्यावरची ताई हवेत गेली तेव्हा खालची ताई म्हणाली, “आठ.” तिसऱ्यांदा बघताना ती रडायला लागली. “बरोबर होते मी,” ती म्हणाली. “बरोबर होते.” ती हे मोबाइललाच सांगत होती.

“माझी कंबर धरली होती,” शेंडेफळ म्हणाली. “टेप लावली नाही. नंतर खोटं बोलले. ताई, मी…”

ताईने हात वर करून तिला थांबवलं. डोळे पुसले, उठली, पिशवी खांद्याला लावायला लागली. एका हाताने पट्टा चढेना. शेंडेफळ नेहमीसारखी मदतीला पुढे झाली आणि ताई मागे सरली. अर्धंच पाऊल. मग पट्टा दातात धरून तिने स्वतःच चढवला.

“ग्रुपवर टाक,” दारातून ती म्हणाली. “रोज टाकतेस तसा.”

शेंडेफळाने तिथेच बसून टाकला. खाली लिहिलं, “त्या दिवसाचा व्हिडिओ. ताई आठलाच आली होती. मी बाजूला झाले आणि ताईवर ढकललं.” मोबाइल उलटा ठेवला, फडकं भिजवलं आणि जमीन पुसून काढली. घरी गेल्यावर आईलाही सगळं सांगितलं. आईने यंत्र थांबवलं नाही, नुसती मान खाली घालून शिवत राहिली, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

सकाळी सर दारातच भेटले. “काम काढून घेतोय,” ते म्हणाले. “ताईला रात्री फोन केला होता. हात बरा झाला की येते म्हणाली.” गोड काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुझे अकरा दिवस राहिलेत. ते पूर्ण कर. पळून जायचं नाही.”

ती आत गेली. कुणी तिला टाकून बोललं नाही. अंग मोकळं करायला नेहमीचा जोडीचा व्यायाम होता. पाठीला पाठ लावायची आणि एकमेकांवर पूर्ण भार टाकून हळूहळू खाली बसायचं. तिच्या वाट्याला लांब पायांचा एक नर्तक आला. तो तिला रोज चिडवायचा, आज मुकाट्याने पाठ लावून उभा राहिला. तिने आपलं वजन त्याच्यावर टाकलं, ते त्याने घेतलं. मग त्याने टाकायची वेळ आली. तिने पाय रोवले आणि वाट बघितली. पाठीला त्याच्या बनियनची ऊब लागत होती, घाम लागत होता, पण भार येत नव्हता. तो आपल्याच पायांवर तोलून खाली बसत होता.

शेंडेफळाने मान वळवून स्वतःच्या खांद्याकडे बघितलं. टेप नव्हती.