आजीचा कप रिकामा का होत नाही

लेकीने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि विचारलं,

"बाबा, खरं सांगा. आजी मेलीये ना?"

त्याच्या हातातला टोस्ट बशी आणि तोंड यांच्या मध्येच थांबला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची आई, म्हणजे लेकीची आजी, चांगली जिवंत बसली होती. चष्मा नाकावरून घसरत होता, तो बोटाने वर ढकलत होती.

"कोण मेलं गं?" आईने विचारलं.

"ही आजी नाही हो, चित्रातली," लेक त्याला म्हणाली. "सगळे म्हणतायत. मलाही आता तसंच वाटायला लागलंय."

त्याने चित्राकडे पाहिलं. चित्र त्याचंच होतं. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि रविवारी 'तिसरा मजला' नावाच्या वेबकॉमिकचा एक भाग काढून इंटरनेटवर टाकायचा, असा त्याचा शिरस्ता होता. तिसऱ्या मजल्यावरचं चौघांचं घर: घड्याळं दुरुस्त करणारा मुलगा, त्याची बायको, त्यांची मुलगी आणि आजी. त्याच्या मते ही हलकीफुलकी गोष्ट होती. सुरुवातीला ती नातेवाइकांनी न वाचता आवडून घेतली. मग काही लोक ती खरोखर वाचू लागले आणि तिथून घोटाळा झाला.

या वाचकांपैकी कोणाचंही खरं नाव त्याला माहीत नव्हतं. 'उलटी छत्री' होती, 'अर्धं बिस्कीट' होतं आणि 'माजी प्राध्यापक' होते. ते कशाचे माजी प्राध्यापक होते हे कधीच बाहेर आलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात नेहमी दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात, हे आधी छत्रीच्या लक्षात आलं. त्यावर प्राध्यापकांनी लिहिलं की ते दोन काटे नसून काळापुढे वर केलेले दोन हात आहेत. भिंतीतला तडा म्हणजे त्यांच्या मते प्राचीन महाकाव्यांतली, मेलेल्यांना ओलांडावी लागणारी नदी होती. खरं तर तो तडा त्याच्या घरातला होता आणि तो बुजवून घ्या म्हणून बायको वर्षभर मागे लागली होती. त्याने तेव्हा भीडेपोटी 'छान निरीक्षण' एवढंच उत्तर टाकलं. दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांनी जाहीर केलं की लेखकाने दुजोरा दिला आहे.

"वाच पाहू काय म्हणतायत," बायको डबा भरता भरता म्हणाली.

लेकीने घसा साफ केला. "छत्री म्हणते, आजी कधीच जागेवरून हलत नाही. तिच्यापुढचा चहाचा कप कायम काठोकाठ भरलेला असतो. आणि मुख्य मुद्दा, ती दर भागात काहीतरी विचारते, पण घरातलं कोणीही तिला उत्तर देत नाही. कारण तिचा आवाज कोणाला ऐकूच येत नाही. आजी पहिल्या भागाच्या आधीच गेलेली आहे."

"अगंबाई," बायको म्हणाली. झाकण तिच्या हातातच राहिलं. "अहो, अंगावर काटा आला. तुम्ही मुद्दाम केलंत ना हे?"

"म्हणजे... तसा विचार होता," तो म्हणाला.

असा कुठलाही विचार त्याच्या डोक्यात कधी शिरला नव्हता. पण बायकोने इतक्या कौतुकाने त्याच्याकडे पाहण्याची ही बऱ्याच दिवसांतली पहिली वेळ होती.

"जाताना माझा चष्मा नेशील का रे?" आईने विचारलं. "दांडी सुटलीये."

"किल्ल्या कुठे ठेवल्यात?" बायकोने विचारलं.

"फ्रिजवर," तो म्हणाला आणि उठला. लेकही उठली. टेबलावर आई उरली आणि तिच्यापुढचा चहा.

दुकानात गिऱ्हाईक नसताना त्याने जुने भाग उघडले. स्वतःचीच गोष्ट तो परक्यासारखी वाचू लागला. छत्रीचं म्हणणं खरं होतं. आजी सगळीकडे होती आणि सगळीकडे तशीच होती.

त्याचं कारण साधं होतं. घड्याळ त्याने एकदाच काढून ठेवलं होतं आणि प्रत्येक भागात तेच उचलून चिकटवत होता. खुर्ची तशीच, खिडकी तशीच. आजीही तशीच. ती तिथेच तर बसलेली असते, तिला दर वेळी नव्याने काय काढायचं? कपासकट एकदा काढली होती, ती पुरत होती. उत्तरांचंही तसंच. माणसं काढून झाली की वर संवादाचे फुगे काढायचे. चौकट लहान, फुगे जास्त. एखादा फुगा वगळावा लागे. ज्याच्यावाचून गोष्ट अडत नाही असा फुगा दर वेळी आजीला दिलेल्या उत्तराचाच निघे.

हे सगळं छत्रीला लिहून कळवावं असं त्याला वाटलं. 'आजी मेलेली नाही, जागा पुरत नाही.' त्याने ते लिहिलं, वाचलं आणि खोडलं. वाक्य धड वाटत नव्हतं.

"काय झालंय तुला आज?" दुकानाचा मालक म्हणाला. "त्या बाईंच्या लांबचं बघायच्या चष्म्यात जवळच्या नंबरची काच घालत होतास."

"माझ्या गोष्टीतलं एक माणूस जिवंत आहे की मेलंय, ते कळत नाहीये."

"लिहितोस तूच ना?"

"हो."

"मग कोणाला विचारायचं?"

तो काच घासू लागला.

संध्याकाळी त्याने ठरवलं की पुढच्या भागात आजीला हलवायचं आणि कोणाला तरी उत्तर द्यायला लावायचं, म्हणजे वाद मिटेल. तो चित्रं काढायची डिजिटल पाटी घेऊन बसला. मान वळवलेली आजी काढायला गेला आणि हात अडला. मान वळवल्यावर ती कशी दिसते हे त्याला आठवेना. पुन्हा पुन्हा तीच जुनी आजी उतरत होती, समोर बघणारी. शेवटी तो पाटी उचलून बाहेरच्या खोलीत गेला आणि आईच्या समोरच्या खुर्चीवर बसला.

आईने आधी त्याच्याकडे आणि मग दाराकडे पाहिलं, कोणी आलंय की काय म्हणून.

"काय रे? काय हवंय?"

"काही नाही. तू बस तशीच."

"दुसरं काय करते मी?"

तो रेघा ओढू लागला. केस आखूड झाले होते. ते कधी कापले, कोणी कापले, काही अंदाज येईना. उजव्या कानाशी चष्म्याची दांडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली होती. दोऱ्याचे वेढे नीटस होते, गाठ मात्र मोठी आली होती.

"हे कधी झालं?"

"कुठलं?"

"दांडी."

"सांगितलं होतं की."

"कधी?"

आई आठवू लागली. तक्रारीचा सूर नव्हता, चुकीचं काही सांगायला नको एवढंच. "तुझ्या दुकानात ती नवी मशीन आली तेव्हा. मग एकदा तू फोनवर होतास तेव्हा. आज सकाळीही सांगितलं."

त्याने पेन खाली ठेवलं. टेबलावर कप होता. वर साय धरली होती.

"चहा का घेत नाहीस?"

"सगळे बसले की घेऊ म्हणून ठेवते," आई म्हणाली. "तेवढ्यात तुम्ही उठता."

पोस्टमन कधी येतो ते सांगावं तशा आवाजात तिने हे सांगितलं. छत्रीला ही माहिती कुठून मिळाली असेल, असा एक विचित्र प्रश्न त्याच्या मनात आला. मग लक्षात आलं की ती त्यानेच दिली होती, दर रविवारी, फुकट.

दुसऱ्या दिवशी त्याने चष्मा दुकानात नेला. बारीकसा स्क्रू पडला होता. काम एवढंसं होतं की मालकाने वरही पाहिलं नाही. तपासून बघितलं तर काचाही जुन्या नंबरच्या होत्या, पण त्यासाठी आईलाच आणावं लागणार होतं.

रविवारी त्याने नवा भाग टाकला. चित्रात दोरा मात्र त्याने राहू दिला. मान वळवलेली आजी विचारते, "दूध आलं का?" आणि मुलगा म्हणतो, "आलं." त्या एका फुग्याला जागा करण्यासाठी बायकोचं एक चुरचुरीत वाक्य काढावं लागलं होतं. त्याच्या मते ते त्या भागातलं सगळ्यांत चांगलं वाक्य होतं.

सोमवारी सकाळी मोबाइल पुन्हा साखरेच्या डब्याला टेकला.

"बाबा, गोंधळ आहे नुसता," लेक म्हणाली. "चष्म्याला दोरा आहे ना, तो आयुष्याचा दोरा आहे म्हणे. दंतकथांमध्ये असतो तसा. छत्रीने त्यावर केवढं तरी लिहिलंय."

"आणि आजीचं काय?" त्याने विचारलं. "आता तरी कळलं ना त्यांना?"

"कळलं की. प्राध्यापक म्हणतात, 'आजपर्यंत एकाही जिवंत माणसाला आजीचं बोलणं ऐकू आलेलं नाही. या भागात मुलाला ते ऐकू आलं. याचा अर्थ एकच निघतो, आणि तो लिहिताना माझा हात जड झाला आहे.' बिस्किटाने रडका चेहरा टाकलाय. खाली सगळ्यांनी तुम्हाला श्रद्धांजली वाहिलीये."

"मला?"

"म्हणजे मुलाला. पण मुलगा तुम्हीच ना?"

"शेवट काय काढलात हो!" बायको म्हणाली. "कसं सुचतं तुम्हाला? किल्ल्या कुठे आहेत?"

त्याने पिशवी खांद्याला लावली. दुकानाची वेळ झाली होती. बायको फ्रिजवर हात फिरवत होती. लेक खाली मान घालून पुढचं वाचत होती.

"कोण मेलं गं?" आईने विचारलं.

कोणाचीच मान वर झाली नाही. तो दारापर्यंत पोचला होता. तिथून वळला.

"मी," तो म्हणाला.

सवयीने आईचं बोट चष्म्याकडे गेलं. दांडी जागेवर होती, म्हणून ते नुसतंच खाली आलं. तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, बुटांपासून पिशवीपर्यंत.

"मग बस की जरा," ती म्हणाली. "आता कसली घाई?"

त्याने पिशवी खाली ठेवली. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, तसा आईने कप उचलला.