कुमिस प्यायलेली व्होल्गा

असानालीच्या घरी चार मुलींवर पाचवी मुलगी झाली, त्याच वर्षी मी त्याच्या अंगणात आले. ते साल १९६८. मुलीचे नाव बुरुल ठेवले. बुरुल म्हणजे 'वळ'. आता तरी दैवाने वळावे आणि पुढच्या खेपेला मुलगा द्यावा, म्हणून आमच्या किर्गीझ लोकांत असे नाव ठेवतात. दैव काही वळले नाही. पण त्या वसंतात असानालीच्या शंभर मेंढ्यांमागे एकशे चाळीस कोकरे जगली. सामुदायिक शेतीच्या कचेरीने खूश होऊन त्याला मोटार विकत घेण्याची परवानगी दिली. मित्रांनो, ती मोटार म्हणजे मी. राखाडी-निळ्या रंगाची व्होल्गा. तेव्हा नवी होते, आज म्हातारी आहे.

माझा जन्म फार दूर, एका मोठ्या नदीकाठच्या कारखान्यात झाला. बॉनेटच्या टोकावर उडी घेणारे चकचकीत हरीण होते. आगगाडीतून उतरवून मला कोचकोर गावी आणले, तेव्हा असानालीच्या आईने माझ्या चारही चाकांवर पीठ शिंपडले आणि धुपासारखा जुनिपरचा धूर माझ्या पोटाखालून फिरवला. असानालीने माझ्या दाराला हात लावला तो घोड्याच्या मानेला लावावा तसा. तो मेंढपाळ होता आणि त्याहून आधी घोडेस्वार होता. त्याला मोटारीतले फारसे कळत नव्हते. पण माया मात्र त्याने पोटभर केली.

बारा वर्षे मी धावले. नवऱ्या मुली आणल्या, सुईण आणली, पिठाची पोती आणली. एकदा तर मागच्या सीटवर बसून एक आजारी मेंढा दवाखान्यात गेला आणि येताना उभा राहून आला. पाचही बहिणी माझ्यात बसून भांडत. बुरुल नेहमी पुढे, बापाच्या शेजारी. गियर बदलताना तो तिचा हात आपल्या हाताखाली ठेवी.

माझे हिवाळे शेतीच्या गॅरेजमध्ये जात. तिथे मुकाश नावाचा ड्रायव्हर माझी काळजी घेई. तो जिभेने तिखट होता, पण कामाला चोख. रोज संध्याकाळी तो माझ्यातले पाणी काढून टाकी आणि सकाळी गरम पाणी भरी. १९८० च्या हिवाळ्यात मात्र असानालीने पहिल्यांदाच मला वर डोंगरात, आपल्या मेंढवाड्यावर नेले. मुकाशने निघताना बजावले.

"असानाली, रोज संध्याकाळी पाणी काढायचं बरं का. विसरू नकोस."

"घोड्याचं रक्त कोणी रोज संध्याकाळी काढून ठेवतं का?" असानाली हसला. "पांघरूण घालीन तिला जाड. थंडीत जनावराला झूल लागते, एवढं मला कळतं."

आणि खरोखर त्याने घरातला सगळ्यात चांगला नमदा माझ्यावर घातला. लोकरीचा, चार बोटे जाड, लग्नातला. मित्रांनो, घोड्याच्या अंगात आपली ऊब असते, ती झूल धरून ठेवते. माझ्या अंगात कसली ऊब? इंजिन गार झाले की मी नुसते लोखंड. पहाटेपर्यंत माझ्यातले पाणी गोठले, फुगले, आणि इंजिनाच्या ब्लॉकला वीतभर चीर गेली. असानालीने नमदा उचलला, चीर पाहिली आणि तो बर्फात खाली बसला.

नवे इंजिन मिळणे त्या काळी सोपे नव्हते. मला ट्रॅक्टरला बांधून खाली आणले आणि घरामागच्या छपरात ढकलले. त्या दिवसापासून गावाने असानालीला 'झुलीवाला' म्हणायला सुरुवात केली. त्यानंतर त्याने कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नाही. कुणी आग्रह केला की म्हणे, "एक मारली तेवढी पुरे."

चोवीस वर्षे मी छपरात होते. माझ्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटले. कोंबड्या स्टिअरिंगखाली अंडी घालू लागल्या. सामुदायिक शेती मोडली, मेंढ्या वाटल्या गेल्या, चार मुली लग्न होऊन गेल्या. बुरुल राजधानीला, बिश्केकला गेली आणि ट्रॉलीबसच्या डेपोत फिटर झाली.

२००४ च्या उन्हाळ्यात ती सुट्टीवर आली, थेट छपरात शिरली आणि कोंबडी उडवून माझ्या स्टिअरिंगपाशी बसली. दारात असानाली उभा राहिला. सत्तरीला टेकला होता.

"आबा, हिला उभी करायची."

"कशाला? भंगारवाला दोनदा येऊन गेला."

"मला दर वर्षी महिनाभर रजा असते. लोक मासे धरतात, मी हिला धरीन. तुम्ही हाताखाली या."

"मी? माझ्यानं हात लाववायचा नाही तिला."

"हात लावू नका. नुसते नटबोल्ट धुवा."

असानाली नटबोल्ट धुवायला बसला. बुरुल एकेक भाग सोडवी आणि तो रॉकेलच्या डब्यात बुडवून पुसून नमद्यावर मांडी. डेपोत सगळे बोल्ट एका डब्यात आणि सगळे नट दुसऱ्यात टाकायची पद्धत. असानालीला ते बघवेना. मेंढ्या वितात तेव्हा प्रत्येक कोकरू त्याच्या आईपाशीच सोडावे लागते, नाहीतर आई त्याला पाजत नाही. त्याने प्रत्येक बोल्टपाशी त्याचाच नट ठेवला, कळपासारख्या रांगा केल्या आणि कुणी ओलांडायला लागले की काठी आपटली.

"आबा, सगळे सारखेच आहेत हो ते."

"तुला सारखे दिसतात. मला मेंढ्यासुद्धा सारख्या दिसत नाहीत."

पुढच्या उन्हाळ्यात जोडायची वेळ आली तेव्हा बुरुलला कळले. छत्तीस वर्षे एकमेकांत झिजलेले आटे जोडीनेच नीट बसत होते. तिने डेपोतल्या माणसांना हे फोन करून सांगितले. असानाली मुद्दाम खिडकीपाशी उभा राहून ऐकत होता.

माझा ब्लॉक तिने बिश्केकला नेऊन वेल्ड करून आणला. सीटमध्ये घोड्याचे केस आणि मेंढीची लोकर भरली. आतल्या छताचे कापड बुरुलच्या आईने शिवले. रंगावरून बापलेकीत आठवडाभर बोलणे बंद होते. त्याला दुधासारखा पांढरा हवा होता, कारण पांढरे शुभ. तिला माझा मूळचाच हवा होता. शेवटी आई म्हणाली, "तिला विचारा की, कुठला हवा ते," आणि दोघेही हसले. मूळचाच लावला. आत छत पांढरे ठेवले.

तिसऱ्या उन्हाळ्यात, २००६ मध्ये, मी आपल्या पायांवर छपरातून बाहेर आले. आमच्यात मूल पहिली पावले टाकू लागले की त्याच्या पायांत काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात. लांबून माणसे धावत येतात आणि जो पहिला पोचेल तो दोरी कापतो. मग मूल आयुष्यभर अडखळत नाही. बुरुलच्या आईने हट्टाने माझ्या पुढच्या दोन चाकांत दोरी बांधली. शर्यतीत कुणी धावावे असे वाटते? पासष्ट वर्षांचा मुकाश, पोटावरचा पट्टा धरून! तरण्या पोरींनी हसून हसून वेग घालवला आणि मुकाशने दोरी कापली.

"झालं!" त्याची बायको ओरडली. "ज्याने दोरी कापली त्याचे गुण मुलाला लागतात. आता ही गाडी दर दहा पावलांवर बसेल आणि दिवसभर टोमणे मारील!"

मुकाश धापा टाकत माझ्या मडगार्डला टेकला. "अंगणात चालते ते सोड. झुलीवाल्या, पुढच्या उन्हाळ्यात कलमाकची खिंड चढवशील का हिला? सोंग-कोल तळ्याकाठच्या कुरणापर्यंत? चढली तर माझ्या करड्या घोडीचं शिंगरू तुझं. नाही चढली, दोर लावून मला ओढावी लागली, तर गाडी माझी. माझ्या कोंबड्यांना घर नाही."

सगळे हसले. असानाली हसला नाही. त्याचे सव्वीस वर्षांचे ओझे मुकाशने सर्वांसमोर अंगणात मांडले होते.

"चढेल," तो म्हणाला. "पण चालवील बुरुल."

२००७ च्या जुलैत आम्ही निघालो. बुरुल चालवत होती, असानाली शेजारी, आई मागे. आईच्या मांडीशी कातडी पखालीत घोडीच्या दुधाचे आंबूस, जरासे चढणारे कुमिस होते, कुरणावरच्या पाहुण्यांसाठी, शिवाय एक चहाची किटली. मागून मुकाश आपल्या नव्या जीपमधून येत होता. दोर त्याने पुढच्या आकड्याला आधीच बांधून ठेवला होता.

अर्धा चढ मी गाणे म्हणत चढले. पुढे ऊन वाढले, हवा विरळ झाली. रेडिएटरने बरोबर आणलेले सगळे पाणी पिऊन टाकले. एका वळणावर मी दोनदा खोकले आणि बंद पडले. बुरुलने बॉनेट उघडले. टाकीतले पेट्रोल ओढून वर देणारा माझा छोटा पंप इतका तापला होता, की पेट्रोल आतच उकळून त्याची वाफ होत होती. वाफ ओढता येत नाही.

मुकाश जीपमधून उतरला. "लावू दोर?"

"लांब उभं राहायचं, मुकाशकाका."

"उभाच आहे. कोंबड्या घरी वाट बघताहेत."

"ओलं फडकं गुंडाळलं तर पंप गार होईल," बुरुल बापाला म्हणाली. "पण पाणी कुठं आहे? ओढा खाली राहिला." मग तिची नजर पखालीवर गेली.

"अगं, ते पाहुण्यांचं आहे!" आई पखालीला मिठी मारून बसली.

"आई, पाहुण्यांना गाडी दाखवायची आहे ना?"

बुरुलने डोक्याचा रुमाल सोडला, कुमिसात बुडवला आणि पंपाभोवती गुंडाळला. फस्सकन वाफ आली, आंबूस वास सुटला. थोड्या वेळाने मी सुरू झाले. पण शंभर पावलांवर रुमाल सुकला आणि मी पुन्हा बंद. पुन्हा भिजवला, पुन्हा तेच. चालत्या गाडीत कुणीतरी सारखे ओतत राहायला हवे होते.

बुरुलने पाना काढला, बॉनेट सोडवून टपावर बांधले, किटलीत कुमिस भरले आणि माझ्या पुढच्या मडगार्डवर चढून बसली.

"आबा, तुम्ही स्टिअरिंगवर बसा."

असानाली जागचा हलला नाही. "मला जमायचं नाही. मी हिला..."

"ठाऊक आहे. तुम्ही हिला मारलीत. अख्ख्या कोचकोरला ठाऊक आहे. मग तीन उन्हाळे हिचा एकेक नट कोणी धुतला? माझे हात किटलीला हवेत. आईला चालवता येत नाही. उरले मुकाशकाका, त्यांना बसवू?"

म्हातारा बसला. त्याच्या तळव्यांचा घाम मला स्टिअरिंगवर जाणवला. त्याने क्लच इतका हळू सोडला, जणू खाली कोकरू निजले आहे. मी निघाले.

मित्रांनो, तो चढ मी जन्मात विसरणार नाही. तोंडावर बॉनेट नाही, हरीण टपावर. मडगार्डवर एक केस मोकळे सुटलेली बाई, एका हाताने मला धरून दुसऱ्या हाताने किटलीची धार पंपावर सोडते आहे. आत एक म्हातारा तोंडाने घोड्याला करावे तसे "च्यू, च्यू!" करतो आहे. मागून आई ओरडते आहे, "थोडं ठेव गं, थोडं तरी ठेव!" सात वळणे राहिली, मग पाच, मग तीन. शेवटच्या वळणावर माझी चाके खडीवर घसरली. असानालीने घाई केली नाही. गियर एक खाली घेतला, मला श्वास घेऊ दिला आणि वर काढले. खिंडीच्या माथ्यावर वारा होता. खाली सोंग-कोलचे तळे निळे पसरले होते.

असानालीने हॉर्नवर तळवा ठेवला तो काढलाच नाही. तंबूंमधून माणसे धावत आली, घोडे उधळले, कुत्री भुंकली. मुकाश मागून पोचला तेव्हा त्याचा दोर नुसताच जीपपुढे लोंबत होता.

पाहुण्यांसाठी किटलीत दोन घोट उरले होते. सगळ्यात म्हाताऱ्या आजीबाईने माझा वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "प्यायलेली गाडी सरळ चालताना मी आज पहिल्यांदा पाहिली."

मुकाशने शब्द पाळला. करड्या घोडीचे शिंगरू सोडून आणले आणि दोर असानालीच्या हातात दिला. "घे. दोरी मी कापली होती म्हणून चढली, एवढं लक्षात ठेव."

"म्हणूनच तीन वेळा बसली," असानाली म्हणाला, आणि दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून हसले. संध्याकाळपर्यंत असानाली कुरणावरच्या प्रत्येक पोराला माझ्यात बसवून तळ्याकाठी फिरवत होता. बुरुल गवतावर पाय पसरून बसली होती. किटली धरून तिचा खांदा जड झाला होता. तिला कुणी उठवले नाही.

त्यानंतर तीन उन्हाळे मी खिंड चढले, दर वेळी असानालीच्या हाताने. पाण्याचे चार डबे आता बरोबर असत. आज बुरुल मला चालवते. माझ्यातले पाणी ती थंडीत न चुकता काढते.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे जुने यंत्र कोपऱ्यात पडले असेल. आजोबांची सायकल असेल, आईचे शिवणयंत्र असेल. त्याला पांघरूण घालून विसरू नका. माया तर असानालीने माझ्यावर पहिल्या दिवसापासून केली, पण मला काय सोसते आणि काय नाही हे त्याने विचारले नव्हते. विचारायला शिकला, हात काळे केले, आणि मी खिंड चढले. जे आवडते त्याची रीत शिकून घ्या. आणि एकट्याने करू नका. घरातल्या म्हाताऱ्याला नट धुवायला बसवा. त्याला पुष्कळ माहीत असते.

असानाली २०११ सालच्या मार्चमध्ये, मेंढ्या विण्याच्या दिवसांत, आपल्या घरी वारला. त्याला सत्याहत्तरावे वर्ष चालू होते.