जावयाची जागा

पदुमी डोलेच्या तोंडाला गावात कुणी लागत नसे. लागायचा तो एकटा गेंडा, आणि त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

रोज ऊन कललं की तो काझीरंग्याच्या रानातून ओढा ओलांडून यायचा. तिची मोहरी तुडवायचा, दुधीचा वेल ओरबाडायचा आणि परत निघण्याआधी बांबूच्या बेटामागे, रोज अगदी त्याच जागी, शेणाचा ढीग वाढवून जायचा. ढीग आता पदुमीच्या कमरेला लागत होता. न बोलावता येतो, पोटभर खातो, घाण करतो आणि वर ऐटीत चालता होतो, म्हणून तिनं त्याचं नाव जावई ठेवलं होतं. तिला मुलगी नव्हती. असती तरी खरा जावई याहून बरा निघाला असता, असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

"मुडद्या, शिंग झडो तुझं! ऊन कललं की आलाच गिळायला! आणि बसायला जागा कुठली, तर माझ्या बांबूमागची! तुझ्या बापानं बांधून दिलीय का?"

हा आवाज ओढ्यापलीकडच्या वनखात्याच्या चौकीपर्यंत जायचा. तिथं तिचा धाकटा दीर हेमधर पहारेकरी होता. तो चहा ओतता ओतता सोबत्यांना सांगायचा, "गेंडा पोचला. वहिनीची आरती सुरू झाली."

एक गोष्ट मात्र गावात कुणी तिच्यासमोर काढत नसे. काही वर्षांपूर्वीच्या पुरात गेंड्याचं एक पिल्लू वाहत आलं आणि तिच्या उंच खांबांवरच्या घराखाली, एका खांबाला टेकून, पोटापर्यंतच्या पाण्यात थरथरत उभं राहिलं. पाणी ओसरेपर्यंत पदुमीनं वरून केळीच्या खोडाचे तुकडे टाकून त्याला जगवलं होतं. तेव्हाही ती त्याला शिव्याच देत होती.

माघ सरताना खगेन नावाचा एक सूतविक्या सायकलवरून गावात यायला लागला. पेरणीचा सण तोंडावर होता, घराघराखाली माग खटखटत होते, त्यामुळे बायका त्याच्याभोवती जमायच्या. माणूस गोड बोलायचा, प्रत्येकीला बायदेऊ, म्हणजे ताई, म्हणायचा. एकदा तो पदुमीच्या मागापाशी बसला होता आणि तिचं जावईपुराण चालू होतं.

"फारच छळतो वाटतं, बायदेऊ?"

"छळतो? अरे, सासूनं छळलं नाही एवढं छळतो. सासू निदान माझ्या हातचं नावं ठेवून खायची."

"एकटाच येतो?"

"त्याच्याबरोबर कोण येणार? वास घेतलायस कधी त्याचा?"

खगेन हसला. लाल सुताची लड उलगडत त्यानं अगदी सहज विचारलं, "आणि हगायला कुठं जातो म्हणालात?"

पदुमीच्या हातातला धोटा थांबला.

मोहरीचं विचारणारे पुष्कळ भेटले होते. शेणाचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. गेंडा ढिगाकडे पाठ करून, उलटा चालत येतो. त्याला आधीच कमी दिसतं, तेव्हा तर काहीच दिसत नाही. ढिगापाशी बंदूक घेऊन बसलेल्याला त्याला शोधावंसुद्धा लागत नाही. हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं.

"मी तुमची ब्याद टाळतो," खगेन आवाज उतरवून म्हणाला. "माझा एक दोस्त आहे. तुम्ही फक्त जागा दाखवायची आणि गप्प बसायचं. हे लाल सूत सगळं तुमचं."

वेळ तिनंच सांगितली होती, वाटही तिनंच. इतकी वर्षं ओढ्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात ती जावयाचा ठावठिकाणा जाहीर करत होती. स्वतःच्या जिभेची तिला पहिल्यांदाच भीती वाटली.

पण ती हसली. उठून तिनं त्याच्या वाटीत तांदळाची दारू ओतली. "बांबूमागं म्हणत होते ना मी? ते जुनं झालं. त्यानं हल्ली जागा बदललीय. पाय मुरगळलाय माझा, परवा ये, दाखवते." आणि लाल सूत तिनं लगेच आत नेऊन ठेवलं.

खगेन वळणाआड जाताच मुरगळलेल्या पायानं धावत तिनं चौकी गाठली.

हेमधरनं सगळं ऐकून डोकं खाजवलं. "वहिनी, शेणाची चौकशी केली म्हणून कुणाला धरता येत नाही. बंदुकीसकट सापडायला हवा. आणि शिंग झडो म्हणून रोज तुम्हीच ओरडता की!"

"मी ओरडते! माझी मी ओरडीन. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. बंदुकीसकट हवा ना? देते तुला."

दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या रेबोतीला हाक मारली. रेबोतीनं आणखी चार बायका आणल्या. पाठीवरच्या टोपल्यांतून जावयाचा ढीग निघाला आणि शेताच्या पार दुसऱ्या टोकाला, दलदलीच्या कडेला नव्यानं रचला गेला. ताजं शेण वर, जुनं खाली, अगदी रीतसर.

"सासरी आल्यापासून एवढ्या मानानं कुणाचं शेण उचललं नव्हतं गं," रेबोती म्हणाली.

"गप. पावलं काढ."

गेंड्याच्या पावलाला तीन बोटं. हंडीच्या बुडानं तळवा आणि मुसळाच्या टोकानं बोटं उमटवत बायका चिखलातून उलट्या चालत ढिगापर्यंत गेल्या. हसून हसून रेबोती चिखलात बसली, त्यामुळे एक पाऊल वाजवीपेक्षा फारच मोठं उमटलं. ते बुजवावं लागलं.

परवाच्या दिवशी खगेननं जागा पाहिली आणि तो खूश झाला. भोवती सगळी दलदल, बसण्याजोगं एकच झाड. त्यानं ते खालून वरून न्याहाळलं. "उद्याच येतो," तो म्हणाला.

उद्याची सकाळ बायकांचीच होती. जावयानं दोन दिवस जुन्याच जागी वासावर भागवलं होतं; ते शेणही त्यांनी नव्या ढिगावर नेलं आणि खालची माती खरवडून टाकली. पानं शिवून घरटी बांधणाऱ्या तांबड्या मुंग्यांची अंडी बिहूच्या सणाला खायची म्हणून त्या दर वर्षी लांब बांबूनं घरटी उतरवत. या खेपेला उतरवली आणि त्याच झाडाच्या दाट पानांत चढवली. मुंग्यांना हे स्थलांतर अजिबात पसंत पडलं नव्हतं.

ऊन कललं. हेमधर आणि त्याचे सोबती लव्हाळ्यात दबा धरून बसले. पदुमी घराखाली मागापाशी बसली, पण हात चालेनात. खगेन दोस्तासकट झाडाकडे गेलेला तिनं पाहिला होता. दोस्ताच्या खांद्यावर पोत्यात गुंडाळलेलं लांबडं काहीतरी होतं. जावई आज तिकडेच गेला तर? नव्या ढिगाचा वास त्याला लागला तर? तिला शिवी देऊन त्याला हाकलावंसं वाटत होतं, आणि तोंड तर उघडता येत नव्हतं.

जावई आला. मोहरीतून, नेहमीच्या वाटेनं. बांबूमागे गेला, हुंगलं, ढीग नाही, आज वासही नाही. पुन्हा हुंगलं. फुरफुरला. मग रागारागानं सगळीकडे फिरून तो तिच्या घरापाशी आला, पुरातल्या त्या जुन्या खांबाला त्यानं अंग घासलं, पाठ फिरवली आणि उलटा चालत मागाकडे यायला लागला.

पदुमीला मागे सरकायला जागा नव्हती. समोरून जावयाची पाठ येत होती, तीही मोठी होत होत. तिनं पदर नाकाला लावला आणि जन्मात पहिल्यांदा ती गप्प बसली.

तेवढ्यात दलदलीकडून किंकाळी आली. मग दुसरी. मग धपकन आवाज, आणि बंदुकीचा बार.

जावयानं फक्त एक कान हलवला. सुरू केलेलं काम अर्धवट सोडण्याची त्याची तयारी नव्हती. तो शेपटी वर करून तिच्यापुढे सुखरूप उभा होता आणि तिच्या नव्या कापडावर शिंतोडे उडत होते. पदुमी रडत होती, हसत होती, आणि नाक मात्र घट्ट दाबून होती.

तो रानात परतल्यावर हेमधरनं दोघांना अंगणातून नेलं. दोरीनं बाहेर ओढलेले, गळ्यापर्यंत चिखलात माखलेले, तोंडं दुधीसारखी सुजलेली. बंदूक हेमधरच्या हातात होती. खगेनचा एकच डोळा उघडत होता. त्यानं तो पदुमीकडे लावला.

"बायदेऊ, तुम्ही तर रोज त्याला शिव्या देत होता!"

"मग? शिव्या काय परक्याला देतात?"

जावयानं जागा बदलली ती बदललीच. आता तो रोज पदुमीच्या घराखाली, मागाला लागून, त्या खांबापाशीच येतो. तिला माग पलीकडे हलवावा लागला. शिव्या तिनं सोडल्या नाहीत, पण त्यांचा पत्ता बदलला.

"मेल्या, सकाळी सकाळी त्या शाळेमागं कशाला मरायला जातोस?" ती ऊन कलल्यावर ओरडते. पलीकडून रेबोती साथ देते, "शाळेमागं कुठलं? पार घाटाखाली गेलाय मुडदा!" साऱ्या गावानं हे उचललंय. रोज ऐकलं तर हा गेंडा एकाच वेळी सगळीकडे हगतो.

आणि तो तिच्यापासून दोन हातांवर उभा असतो. पदुमी डाव्या हातानं नाक दाबते, उजव्या हातानं त्याला केळीचं खोड सरकवते, आणि शाळेच्या दिशेनं तोंड करून त्याला आणखी एक शिवी हासडते.