द्वादशीची मंजिरी

सोयराबाईंनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तुळशीपाशी उभ्या असलेल्या नातीच्या, अक्षराच्या, हनुवटीवर मधमाशी बसली होती.

गेल्या वैशाखात असलीच एक माशी पोरीला डसली होती. बघता बघता ओठ सुजले, श्वास घरघरायला लागला. येलहंक्याच्या डॉक्टरांनी कसंबसं सावरलं आणि बजावलं, पुन्हा डसू देऊ नका. तेव्हापासून सून नीरजा मागे लागली होती.

"आत्याबाई, त्या मंजिऱ्या खुडा. माश्यांची जत्रा भरते तिथं."

"स्वल्प थांब गं. लग्नाआधी नवरीला बोडकी करू?"

"नवरी तुमची, पण पोर माझी आहे."

देवनहळ्ळीच्या माहेराहून आणलेलं कृष्णतुळशीचं बी सोयराबाईंनी जिवापाड जपून वाढवलं होतं. आज खुडू, उद्या खुडू म्हणता म्हणता कार्तिकातली द्वादशी उजाडली. संध्याकाळी तुळशीचं लग्न. आणि द्वादशीला तुळशीचं पानसुद्धा तोडायचं नाही, हे आईनं शिकवलेलं त्यांनी जन्मभर पाळलं होतं.

मांडवासाठी उभ्या केलेल्या उसातलं एक कांडं अक्षरानं चघळायला घेतलं होतं. रस हनुवटीवर ओघळला होता. माशी तोच चाखत होती.

"अज्जी, गुदगुल्या होतात."

"हलू नकोस, राणी. बोलूही नकोस."

पोरीचा हात हळूहळू वर यायला लागला. माशी आता झटकली जाणार. सोयराबाईंनी क्षणभर डोळे मिटले, जवळची जांभळी मंजिरी कट्‌कन मोडली आणि हनुवटीला टेकवली. माशी थबकली. मग एकेक पाय उचलत मंजिरीवर चढली.

दारातून धावत आलेल्या नीरजानं लेकीला उचलून छातीशी धरलं. मग तिची नजर सासूच्या हाताकडे गेली.

"आत्याबाई, आज द्वादशी..."

"ठाऊक आहे. कात्री आण. सगळ्याच खुडते."

"नको," नीरजा म्हणाली. "उद्या. आज हिला मी आत ठेवते."

संध्याकाळी बंद खिडकीच्या काचेला नाक लावून अक्षरानं लग्न पाहिलं. सोयराबाईंनी अक्षता टाकल्या, पण मान वर करून तुळशीकडे बघायचा धीर त्यांना झाला नाही.