एकमताचा नळ

बेगायिम बिश्केकच्या विद्यापीठात वस्ती-नियोजन आणि विकास या विषयात एम.ए. करत होती. प्रबंधासाठी तिला डोंगराळ नारीन भागातलं एक गाव मिळालं होतं. एका संस्थेने गावाला पिण्याच्या पाण्याचा एकच नळ देऊ केला होता. तो कुठे बसवायचा हे गावाने ठरवायचं आणि गावाने ते कसं ठरवलं हे बेगायिमने लिहायचं. खालच्या आळीत मशीद होती, दुकान होतं, बऱ्यापैकी विहिरी होत्या. वरच्या आळीतल्या बायका मात्र गुरं पितात त्याच पाटाचं पाणी बादल्यांनी वाहायच्या. नळ कुठे हवा हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मार्गदर्शक बाईंचा दंडक होता: आपण सांगायचं नाही, लोकांना बोलतं करायचं, आणि बायकांना आधी.

शहरातली एखादी असती तर आल्या आल्या मतं लिहायला रंगीत चिठ्ठ्या वाटून मोकळी झाली असती. बेगायिम पडली नारीनचीच. आधी खाऊ घालायचं आणि मग कामाचं बोलायचं, हे आईने हाडीमाशी भिनवलेलं. मशिदीच्या अंगणात सावली बरी होती, म्हणून तिने तिथेच दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरला. पाव, लोणी, मटण, चहा, कशात कसर ठेवली नाही.

सगळे पोटभर जेवले. मग गावातले सर्वांत वडीलधारे सादिरबेक आजोबा यांनी तळवे वर केले आणि दुवा दिली: पोरीला यश येवो, गाव एकदिलाने राहो, इथे मशिदीपाशी येणारं पाणी गोड निघो. ओमिन, तसंच होवो, सगळे म्हणाले. सगळ्यांचे तळवे चेहऱ्यांवरून फिरले. त्यांत बेगायिमचेही होते. आपण कशाला ओमिन म्हटलं हे तिला हात खाली आल्यावर कळलं. पण दुवा झाली की बोलणं मिटतं. माणसं उठून बुटांत पाय घालू लागली होती. चिठ्ठ्या पिशवीतच राहिल्या.

बाई फोनवर हरखल्या. संपूर्ण एकमत, तेही पहिल्याच बैठकीत! हा भाग आदर्श नमुना म्हणून पुढच्या वर्गाला शिकवायचा म्हणाल्या.

बेगायिम तडक आजोबांकडे गेली. म्हातारा लबाड असता तर तिला सोपं गेलं असतं. निदान रागावता तरी आलं असतं.

"पोरी, दस्तरखान मशिदीच्या अंगणात तू घातलास," ते म्हणाले. "आधी जेवायला वाढलंस. मला वाटलं, तुझं ठरलंय, आता फक्त दुवा हवी. पाहुणीचा शब्द खाली कसा पडू द्यायचा?"

दिलेली दुवा परत घेता येत नाही. पण वरच्या आळीतल्या कुणी घरी बोलावलं आणि तिथे नव्याने विषय काढला, तर आपण जाऊ, असं ते म्हणाले. बोलावणारं मात्र घरचं हवं, पाहुणी नको.

मग ती वरच्या आळीत कालबुबूच्या दारात; थोरल्या बहिणीच्या मानाने तिला सगळे एजे म्हणत. तिचा नवरा रशियात कामाला, घरात सासू अंथरुणाला खिळलेली, बादल्या वाहून खांदे उतरलेले. बेगायिमने सगळं सांगितलं, गळ घातली. कालबुबू ताक घुसळत होती.

"ओमिन मीही म्हटलंय," ती म्हणाली. "आता आजोबांना घरी बोलावलं, तर पाण्यासाठी बोलावलं असं कोण म्हणेल? त्यांच्या दुवेवर उठली म्हणतील. तू प्रबंध घेऊन शहरात जाशील, माझ्या घरची लग्नकार्यं-मयतं याच गावात व्हायचीत."

"एजे, चूक माझी आहे."

"आहेच. पण तुझी चूक तुझ्याच्याने फिटणारी नाही ना, बाळ."

गुरुवारी मशिदीपाशी नळाचा चर खणायला सगळं गाव आलं. अशा कामाला न येणं म्हणजे वाळीत पडणं, म्हणून वरची आळीही फावडी घेऊन आली. बाईंना फोटो हवे होते. बेगायिमने ते काढले. मग फोन खिशात टाकून तीही खणायला उतरली, पण त्याने कुणाचं काही हलकं झालं नाही.

दुपारी कालबुबू चहा घेऊन आली. वाटी बेगायिमच्या हातात देऊन म्हणाली, "पी. पाणी पाटाचंच आहे, पण उकळलंय."