पंपवाल्याची घाई

"खिसे रिकामे करा," मी म्हणालो. पंपवाल्याने रुमाल, किल्ल्या आणि ग्रीस लागलेलं एक पेन टेबलावर ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

मी या बुद्धिबळ स्पर्धेचा पंच. संशय हा माझा जुना आजार. दुधात पाणी सापडलं नाही तर मी पाण्यात दूध शोधीन, असं आमच्या घरी म्हणतात. आणि इथे कुठेतरी पाणी मुरत होतंच. पंप दुरुस्त करणारा हा गृहस्थ आठ वर्षं येतोय. एकेक प्यादं फुंकून फुंकून ढकलतो, चार-चार तास बसतो आणि हरतो. आज मात्र त्याने दुसऱ्याच खेळीत राजाच्या उंटापुढचं प्यादं फुकट देऊन टाकलं. मग घोडा दिला. एकविसाव्या खेळीला गतविजेत्याने हार मानली. आणि डावभर पंपवाल्याची नजर पटावर कमी, दाराकडे जास्त.

"दारातून कोण खुणा करत होतं?" मी विचारलं.

"कुणी नाही, साहेब. बायको दवाखान्यात आहे. उद्या पहाटे ऑपरेशन. पाचपर्यंतच भेटू देतात. तीच म्हणाली, दरवर्षीचा नेम मोडू नका. पण लवकर या, हरून तरी या."

असली कारणं मी ढिगाने ऐकली आहेत. त्याला बसवून ठेवून मी सगळ्या खेळ्या त्याच पटावर पुन्हा मांडल्या. दोन ठिकाणी तो ढळढळीत चुकला होता, आणि समोरच्याला ते दिसलं नव्हतं. कुणी पढवलेला माणूस असा चुकत नाही. तिथेच मी थांबायला हवं होतं. तरी मी दारापाशी जमा केलेला त्याचा फोन मागवला आणि माझ्यादेखत सुरू करायला लावला.

मुलीचे दोन निरोप होते. पहिला साडेचारचा: "बाबा, आई विचारतेय, निघालात का?" दुसरा पाचचा: "आम्हाला बाहेर काढलं. ती दाराकडेच बघत होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निकालाच्या कागदावर त्याचा विजय नोंदवून मी म्हणालो, "चला, मी गाडी काढतो. मी बोलतो दवाखान्यातल्या लोकांशी."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आता घाई कसली, साहेब," तो म्हणाला, आणि डाव संपल्यावर लावायचे असतात तसे मोहरे जागच्या जागी लावू लागला. फुकट दिलेलं ते प्यादं त्याने सगळ्यात शेवटी ठेवलं.