चौथी मूठ

लहान मुलं आणि मांजराची पिल्लं एका रांगेत चालत नाहीत, असं समाजकेंद्रातल्या बाईंचं ठाम मत होतं. ताईनं ते खोटं पाडलं, तेही एका दोराच्या जोरावर.

ताई सोळा वर्षांची. खरं तर ती एकाच भावाची ताई, पण गल्लीतल्या झाडून साऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांनी तिला ताई करून टाकलं होतं. शाळेच्या वाटेवर एक मोठा रस्ता होता आणि गोदामाकडे धावणारे ट्रक तिथं कुणाच्या बापाला जुमानत नसत. त्यावर मोठ्या माणसांच्या सभा झाल्या, उंटावरून भरपूर शेळ्या हाकून झाल्या. शेवटी एका सभेत ही पोर उभी राहिली आणि म्हणाली, "आम्ही नेतो ना मुलांना. आम्ही मोठी मुलं तशीही त्याच वाटेनं जातो." हशा पिकला. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांची मुलं पुढं दोराला लागली, ती गोष्ट वेगळी.

दोर जाडजूड होता. त्याला कापड गुंडाळून केलेल्या सात मुठी होत्या, प्रत्येक मूठ वेगळ्या रंगाची. त्या ताईच्या आईनं शिवल्या होत्या. आई घरीच शिवणकाम करायची, उरलेल्या तुकड्यांचं तिच्याकडे गाठोडंच होतं. ज्याची जी मूठ, तो त्याचा आकडा. पुढचं टोक ताईच्या हातात, मागचं लंबूच्या. मोठ्या रस्त्याच्या अलीकडे, नेमकं ताईच्याच घराच्या खिडकीखाली, सगळ्यांनी थांबायचं. एक, दोन, तीन असं प्रत्येकानं आपापला आकडा मोठ्यानं म्हणायचा. सातवा आकडा ऐकला की ताई म्हणणार, "सगळे आहेत. चला." त्याआधी शाळेची घंटा होवो की आभाळ कोसळो, पाऊल रस्त्यावर पडायचं नाही.

सुरुवातीला स्वयंसेवक ढीगभर होते. नव्याचे नऊ दिवस. पिवळी जाकिटं मिळाली, फोटो निघाले, प्रमाणपत्रं वाटून झाली आणि मग एकेकाला पहाटेची झोप गोड लागू लागली. उरले ताई आणि लंबू. लंबू तिच्याच वर्गातला, पण पुढचं टोक ती त्याला कधी देत नसे. "तू स्वतःच्याच पायात अडकतोस," असं म्हणायची. तो हसून मागं जायचा.

चौथी मूठ हिरवी. ती ताईच्या भावाची होती.

त्याला घरात सगळे मुंगळा म्हणत, कारण तो ताईला मुंगळ्यासारखा चिकटलेला असे. त्याला पहिली मूठ हवी होती, ताईच्या अगदी मागची. ताई म्हणाली, कॅप्टनच्या भावाला वशिला नाही. चौथी म्हणजे चौथी. तो रुसला, आणि आकडा इतका हळू म्हणायचा की ताईला रोज ओरडावं लागे, "ऐकू आलं नाही!" मग तो आणखी हळू म्हणायचा. लबाड होता.

तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. डॉक्टरांनी खूप केलं. सहा वर्षांचं पोर, पण घर असं रिकामं झालं की भांडं जरी पडलं तरी आवाज घुमायचा. बाबा कामावर जात, येत, आणि चपला न काढताच खुर्चीत बसून राहत. आईनं शिलाई मशीनवर चादर टाकली आणि खिडकीशेजारच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून ती जी निजली, ती निजलीच. शेजारणी समजूत घालायला येत. आई एकदाच बोलली, "आभाळच फाटलंय, ठिगळ कुठं लावू?"

बरेच दिवस दोर खुंटीला होता. पण ट्रक काही थांबले नव्हते. एका सकाळी ताईनं पिवळं जाकीट चढवलं आणि ती दोर घेऊन बाहेर पडली. खिडकीखाली सगळे थांबले. एक, दोन, तीन. मग कुणीच बोललं नाही. पाचव्या मुठीवर जाड भिंगांची एक चिमुरडी असायची, तिला सगळे चष्मिस म्हणत. तिनं एक श्वासभर वाट पाहिली आणि मगच म्हटलं, "पाच." कुणी शिकवलं नव्हतं. सहा, सात झालं आणि ताईच्या ओठांवर सवयीनं "सगळे आहेत" आलं. ते तिनं गिळलं. नुसतं "चला" म्हणाली. त्या दिवसापासून रोज तसंच होऊ लागलं. हिरवी मूठ रिकामी हलत राहायची, आणि मोजणीत तेवढी जागा मुलं मोकळी सोडायची.

त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी आईनं भिंतीकडे बघतच विचारलं, "त्याची मूठ कुणाला दिलीस?"

"कुणालाच नाही, आई. देणारही नाही."

आईनं मान हलवली. एवढंच. पण ताईला वाटलं, आई ज्या एका धाग्याला धरून आहे, तो आपल्या हातात आहे.

मग गल्लीत एक नवी मुलगी आली. पाच वर्षांची, आजोबांबरोबर राहायची. बाकी होती एवढीशी, पण आवाज असा की पोरांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव भोंगा ठेवलं. आजोबांना दिसायचं कमी. नातीला शाळेत सोडायला ते यायचे, पण कोण कुणाला सोडतंय हा प्रश्नच होता. केंद्रातल्या बाई म्हणाल्या, "अगं, तिला दोराला घे."

"मूठ नाही," ताई म्हणाली.

"एक रिकामी आहे ना."

"ती रिकामी नाही."

केंद्रातून बाहेर आल्यावर लंबू हळूच म्हणाला, "नवी मूठ शिवून घेऊ कुठंतरी. माझ्या टोकाला मी तिच्यापुरता दोर मोकळा सोडतो."

"माझ्या आईनं शिवलाय तो दोर. दुसऱ्या कुणी सुई लावायची नाही." तिला स्वतःचाच राग आला, म्हणून ती त्याच्यावरच डाफरली, "तुला काय कळतंय?"

त्याला कळत होतं. त्याचाही मुंगळ्यावर जीव होता.

एका सकाळी खिडकीखाली मोजणी चालली असतानाच रस्त्यावर ट्रकचा कर्णा वाजला. ताईनं पाहिलं. आजोबा रस्त्याच्या मधोमध उभे होते, कुठं जावं ते न कळून, आणि भोंगा त्यांचा सदरा धरून ओढत होती. ट्रक त्यांच्या अगदी पुढ्यात येऊन थांबला. ट्रकवाला शिव्या देत होता, आजोबा त्यालाच हात जोडत होते. ती दोघं अलीकडे परत आली, तेव्हा ताईनं भोंग्याचा हात धरला आणि हिरव्या मुठीवर ठेवला.

मग खिडकीकडे नजर टाकून ती भोंग्याच्या कानात म्हणाली, "मोजताना तू बोलायचं नाहीस हं. अळीमिळी गुपचिळी."

भोंग्यानं तोंडावर बोट ठेवलं.

थोडे दिवस निभावलं. भोंगा चौथ्या मुठीला धरून मुकाट चालायची, मुलं तिच्या जागी श्वासभर थांबायची, खिडकीत काही हलायचं नाही. ताई रोज चोरासारखी घराखालून जायची आणि संध्याकाळी आईसमोर जेवायला बसली की ताट अर्धवट सोडून उठायची. आईला दिलेला शब्द आपण मोडलाय, आणि वर तो लपवतोय, हे तिला खात होतं.

त्या दिवशी मात्र तीन झाले, शांतता झाली, आणि त्या शांततेत भोंगा वाजला.

"चार!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं असेल. चष्मिसच्या तोंडून पाच निघेनाच. ताई गर्रकन वळली. "तुला सांगितलं होतं ना गप्प राहायचं?"

भोंग्याचे डोळे भरले, पण मूठ तिनं सोडली नाही. "मी म्हटलंच नाही तर मी हरवल्यावर तुला कळणार कसं?"

दोर कशासाठी, मोजणी कशासाठी, हे तिनंच तर गल्लीला शिकवलं होतं, आणि रोज एका जित्याजागत्या पोरीला ती न मोजताच रस्त्यापार नेत होती. ती खाली बसून काहीतरी बोलणार, तेवढ्यात वर खिडकीत काहीतरी आपटलं. जिन्यात पावलं वाजली. दार उघडलं.

आई बाहेर आली होती. अनवाणी, केस सुटलेले, इतक्या दिवसांनी उन्हात आल्यामुळे डोळे किलकिले. ती धावत दोरापाशी आली, एकेका मुठीवरून तिची नजर फिरली आणि हिरव्या मुठीवर थांबली. तिथल्या छोट्या हाताकडे ती बघत राहिली.

"तू कोण गं?"

"मी चार," भोंगा म्हणाली.

"आई, मी तुला सांगणार होते," ताई म्हणाली. "मी शब्द दिला होता, पण ते ट्रक... आई, मी..."

आईनं तिच्याकडे पाहिलंच नाही. "मला माहीत होतं तो नाहीये," ती म्हणाली. "तो कधी एवढ्या मोठ्यानं म्हणाला का? खिडकीतून मलासुद्धा ऐकू यायचं नाही. माहीत होतं गं. पायच ऐकेनात." आणि ती तिथंच पायरीवर मटकन खाली बसली.

मुलं बावरून उभी. शाळेची वेळ होत आली होती. पुढचं टोक ताईच्या मुठीत होतं, आणि पुढच्यानं दोर सोडायचा नाही हा नियम तिनंच केला होता. तिनं आईकडे पाहिलं, मग मागं.

"लंबू, पुढं ये."

तो आला. स्वतःच्या पायात न अडकता आला. तिनं टोक त्याच्या हातात दिलं, आणि मागचं टोक, कधी नव्हे ते, सातव्या मुठीच्या पोरानंच छाती काढून धरलं. "पहिल्यापासून मोज," ती म्हणाली. "सगळ्यांना मोज."

ती आईशेजारी पायरीवर बसली. आईच्या तळव्याला खडा रुतला होता, तो तिनं काढला. समोर मोजणी पुन्हा सुरू झाली. एक. दोन. तीन. आईनं तिचा हात घट्ट धरला. चार, भोंगा वाजला, जराही न घाबरता. पाच, सहा, सात.

"सगळे आहेत!" लंबूचा आवाज आला. "चला!"

त्याचं बरोबरच होतं. दोरावरचे सगळे होते.

"सगळे नाहीत गं," आई म्हणाली.

"नाहीत, आई," ताई म्हणाली, आणि तो गेल्यापासून दोघी पहिल्यांदा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.